बहुविध बुद्धिमत्ता: मुलांच्या क्षमता ओळखताना शिक्षक आणि पालकांना पडणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहेत. पालकांच्या प्रश्नांची उत्तरं शेवटाकडे आहेत, पण 'बोटांच्या ठशांची चाचणी करावी का' एवढंच विचारायचं असेल तर तिसऱ्या प्रश्नावर जा.

बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे नेमकं काय?

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली ही कल्पना मांडली. बुद्धी एकच नसते आणि ती एका आकड्यात मावत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आधी सात प्रकार सांगितले: भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय (आकार आणि जागा मनात उभी करण्याची), शरीर-स्नायूविषयक, आंतरव्यक्तिक (दुसऱ्याला ओळखण्याची) आणि व्यक्तिअंतर्गत (स्वतःला ओळखण्याची). १९९० च्या दशकात निसर्गविषयक हा आठवा प्रकार आला. जीवन-मरणाचे मोठे प्रश्न पडण्याची जी क्षमता, तिला पूर्ण नववा क्रमांक द्यायला ते कचरले आणि गंमतीने 'साडेआठ' म्हणाले.

ही यादी मनाला येईल तशी वाढवता येत नाही. गार्डनर यांनी आठ कसोट्या लावल्या होत्या. मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झाली तर ती क्षमता एकटीच जाते का किंवा एकटीच शाबूत राहते का? तिची स्वतःची चिन्हव्यवस्था आहे का, म्हणजे लिपी, स्वरलिपी, नकाशा असं काही? लहानपणापासून ती टप्प्याटप्प्याने वाढताना दिसते का? अशा कसोट्या न लावता 'डिजिटल बुद्धिमत्ता', 'आर्थिक बुद्धिमत्ता' असे नवे प्रकार विकले जातात. ते गार्डनर यांच्या यादीत नाहीत.

हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं आहे का?

मोजमापाच्या अर्थाने नाही. एका बौद्धिक चाचणीत पुढे असलेली माणसं साधारणपणे दुसऱ्या चाचणीतही बरी असतात, हे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवलं आणि नंतरच्या संशोधनात ते पुन्हा पुन्हा आढळलं. भाषिक, तार्किक आणि अवकाशीय क्षमता तर एकमेकींत चांगल्याच गुंतलेल्या असतात. संगीत आणि शरीराच्या हालचाली यांचा त्यांच्याशी संबंध तुलनेने सैल दिसतो. म्हणजे आठ वेगळे कप्पे आहेत, असं पुराव्यावरून म्हणता येत नाही.

तरीही वर्गात या कल्पनेचा उपयोग आहे, पण मोजपट्टी म्हणून नाही. आपण मुलांकडे कुठे कुठे पाहायचं राहून गेलं, याची आठवण करून देणारी यादी म्हणून ती वापरावी. या मर्यादेत राहिलात तर पुढचं सगळं कामाचं आहे.

ज्यांना रीतसर चाचण्याच हव्या आहेत त्यांच्यासाठी मार्ग वेगळा आहे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीच्या (स्थापना १९६२) प्रज्ञा मानस संशोधिकेत मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर (मॉडेलवर) बरंच काम झालं आहे. त्या प्रतिमानात ५ बौद्धिक क्रिया, ४ प्रकारचा आशय आणि ६ प्रकारची फलितं मिळून १२० क्षमता मानल्या होत्या. पुढे हा आकडा वाढला. प्रमाणित चाचणी ही प्रशिक्षित माणसानेच घ्यायची असते. झेरॉक्स काढून वर्गात वाटायची ती वस्तू नव्हे.

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता कळते का? शाळेत एक कंपनी येते आहे.

कळत नाही. 'डीएमआयटी' (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) या नावाने चालणाऱ्या या चाचणीत दहा बोटांचे ठसे स्कॅन करून रंगीत अहवाल दिला जातो. ठशांच्या रेषा गर्भावस्थेतच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. मुलाने काय ऐकलं, काय शिकलं, कशात हात घातला, यातलं काहीच त्या रेषांत उमटू शकत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, अशी भूमिका इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही घेतली आहे.

मग अहवाल पालकांना 'अगदी बरोबर' का वाटतो? कारण त्यातली वाक्यं कोणालाही लागू पडतील अशी असतात: 'संधी मिळाल्यास नेतृत्व करू शकतो', 'मनापासून केलं तर गणितात प्रगती होईल'. दोन मुलांचे अहवाल नावं झाकून अदलाबदल करून वाचायला द्या, लगेच लक्षात येईल. शिवाय ठसे ही मुलाची आयुष्यभराची ओळख आहे. ती खासगी कंपनीच्या संगणकात कशासाठी ठेवायची, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी पालकसभेत आवर्जून विचारावा.

शिष्यवृत्तीची 'बुद्धिमत्ता चाचणी' आणि दहावीची 'कल चाचणी' हेच करतात ना?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात: संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, वर्गीकरण. ही तार्किक आणि काही प्रमाणात अवकाशीय क्षमता झाली, तीही सरावाने बरीच वाढणारी. त्या गुणांवरून मुलाच्या संगीताबद्दल किंवा माणसं ओळखण्याबद्दल काहीच कळत नाही.

कल चाचणी दहावीसाठी २०१६ पासून काही वर्षं राज्यभर घेतली गेली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे हे ती विचारत होती. ओढा म्हणजे क्षमता नव्हे. गणवेशाची आवड असलेल्या मुलाला धावण्याचा दम असेलच असं नाही आणि दम असलेल्याला कधी ती आवड नसते. मुलाशी बोलताना 'आवडतं काय' आणि 'जमतं काय' या दोन नोंदी वेगळ्या ठेवा.

माझ्या वर्गात ४० मुलं आहेत. सुरुवात कुठून करू?

सगळ्यांकडे एकदम पाहू नका. आठवड्याला चार मुलं निवडा. दहा आठवड्यांत एक फेरी होते. जूनअखेर सुरू केलं तर पहिली फेरी गणपतीच्या आसपास संपते आणि वर्षात तीन फेऱ्या सहज बसतात. हजेरीच्या क्रमाने जा. आवडीच्या क्रमाने गेलात तर बोलकी मुलं आधी पाहिली जातात आणि शांत मुलं फेब्रुवारीपर्यंत वहीत येतच नाहीत.

दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला चार पानं. वेगळा अहवाल लिहायची गरज नाही. आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी नाहीतरी कराव्याच लागतात, त्याच इथून निघतील. आठवड्यातला एक तास मात्र कृतीसाठी राखून ठेवा. शनिवारची सकाळ बरी पडते.

कोणत्या कृती घ्यायच्या? साहित्य काय लागेल?

अमेरिकेत १९८४ मध्ये गार्डनर आणि डेव्हिड फेल्डमन यांनी 'प्रोजेक्ट स्पेक्ट्रम' सुरू केला. बालवाडीतल्या मुलांना कागद-पेन्सिलीची परीक्षा न देता खऱ्या वस्तू हाताळायला द्यायच्या आणि काम करताना पाहायचं, ही त्याची पद्धत. त्यातल्या काही कृती आपल्याकडच्या वस्तूंनी उत्तम होतात.

*पुरणयंत्र उघडा-जोडा.* स्पेक्ट्रममध्ये हाताने फिरवायचं दळणयंत्र मुलांना सुटं करायला देत. आपल्याकडे पुरणयंत्र किंवा सोऱ्या चालतो. पाच मुलांच्या गटाला एकच वस्तू दिली तर धीट मूल ती ताब्यात घेतं आणि बाकीचे प्रेक्षक होतात, म्हणून दोघांत एक. सोऱ्याला दोन-तीन जास्तीच्या चकत्या द्या, त्यातली एक न बसणारी. वेळ १५ मिनिटं. पाहायचं ते असं: सुटे भाग काढलेल्या क्रमाने मांडले का? भाग जोरात दाबून बसवतो की फिरवून पाहतो? पुरणयंत्राची स्प्रिंग बाहेर राहिली तर चूक स्वतः शोधतो की 'झालं' म्हणून मोकळा होतो? मिक्सर, कात्री, विजेवर चालणारं काहीही नको. ही कृती शारीरिक वाटते, पण तिच्यात अवकाशीय विचार भरपूर लागतो. नोंद करताना शारीरिक आणि अवकाशीय असे दोन्ही रकाने उघडे ठेवा.

*एसटीची फेरी.* खोक्याची बस, आतलं दिसू नये अशी. पाच थांबे. प्रत्येक थांब्यावर काड्यापेटीतल्या काड्या म्हणजे प्रवासी: काही चढतात, काही उतरतात. शेवटच्या थांब्यावर विचारा, आत किती? पहिल्या फेरीत मनातच मोजायचं. दुसऱ्या फेरीत अख्ख्या काड्या म्हणजे मोठी माणसं, अर्ध्या म्हणजे लहान मुलं. दोन्ही वेगळे सांगायचे, पण हाताशी चिंचोके आणि खडे ठेवायचे. खरी माहिती दुसऱ्या फेरीत मिळते. जे मूल कोणी न सांगता मोठ्यांसाठी चिंचोके, लहानांसाठी खडे अशी सोय लावतं आणि उतरणाऱ्यांचे काढूनही घेतं, ते पद्धत शोधतं आहे. उत्तर एक-दोनने चुकलं तरी ती नोंद मोलाची. उलट बरोबर उत्तर कधी नुसत्या अंदाजाने येतं, म्हणून थांबे बदलून पुन्हा खेळा.

*पानांची दोनदा वर्गवारी.* मुलांकडूनच १५ निरनिराळी पानं आणवा. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, शेवगा, चिंच असली तर उत्तम. 'तुझ्या मनाने गट कर' एवढंच सांगा. गट झाले की म्हणा, 'आता दुसऱ्या नियमाने कर.' बहुतेक मुलं पहिल्यांदा आकार किंवा रंग घेतात. दुसऱ्या वेळी शिरा, कडा, वास किंवा एका देठावर बारीक पानं असणं हे कोणाला सुचतं ते पाहा. वड, पिंपळ आणि उंबर तिन्हींतून चीक येतो म्हणून एकत्र ठेवणारं मूल झाडांशी आधीपासून ओळख असलेलं असतं. हात मात्र धुऊन घ्या, चीक डोळ्यांत जायला नको.

*टाळ्यांचे नमुने.* चार मात्रांपासून सुरू करा, मग सहा, मग केरवा तालाच्या आठ. आठ बरोबर जमणाऱ्यांना रूपक तालाच्या सात मात्रा द्या. सम संख्येची सवय झालेली मुलं इथे आठवी टाळी वाजवतात आणि खरा फरक दिसतो. दुसरा भाग: ओळखीचं बालगीत सगळ्यांनी म्हणायचं, खूण केली की मनातल्या मनात चालू ठेवायचं, पुन्हा खूण झाली की मोठ्याने. कोण नेमक्या शब्दावर येतं ते ऐका. गळा गोड असणं ही वेगळी बाब, तिच्यावर गुण देऊ नका.

*घडी आणि कात्रण.* चौकोनी कागदाच्या दोन घड्या घाला, एक कोपरा कापा. उघडण्याआधी मुलाने चित्र काढून दाखवायचं की भोक कुठे पडलं असेल. कात्री शिक्षकांच्याच हातात. तिसरीच्या पुढे तीन घड्या.

*अंदाज आणि निकाल.* स्वतःला ओळखण्याची क्षमता कृतीतून पाहणं सगळ्यांत अवघड, पण तिचा एक कोपरा असा दिसतो: दहा गणितं सोडवून झाल्यावर, तपासण्याआधी, मुलाने लिहायचं 'माझी इतकी बरोबर असतील'. चार वेगवेगळ्या दिवशी करा. अंदाज हळूहळू निकालाजवळ सरकतो का, की प्रत्येक वेळी 'दहा'च लिहिलं जातं?

भाषा पाहायला वेगळं साहित्य नको. एक चित्र दाखवा आणि गोष्ट सांगायला सांगा. शब्द किती भारी यापेक्षा पात्रांना संवाद दिला का, काळ नीट सांभाळला का, ऐकणाऱ्याला धागा लागतो का, हे ऐका. आंतरव्यक्तिक क्षमता तर तासात दिसतच नाही, मधल्या सुट्टीत दिसते. खेळात भांडण झालं की नियम कोण आठवून देतं, रुसलेल्याला कोण परत आणतं, नव्या मुलाला कोण आत घेतं? जो सगळ्यांत मोठ्याने बोलतो तो 'लीडर' नसतो, हे वारंवार लिहावं लागतं कारण चूक वारंवार होते.

नोंद कशी लिहायची?

क्रियापदं लिहा, विशेषणं टाळा. 'हुशार आहे, कलेची आवड' ही नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच सांगत नाही. त्याऐवजी: '१२ जुलै. सोऱ्या. न बसणारी चकती दोनदा फिरवून पाहिली, मग बाजूला ठेवली. जोडीदाराला तोंडी सांगितलं, त्याला हात लावू दिला नाही. १५ मिनिटं जागचा उठला नाही.' तारीख, कृती, काय केलं, काय म्हणालं, मदत मागितली का, किती वेळ टिकलं: या सहा गोष्टी पुरेत. काम करण्याची रीतही टिपा. मूल चटकन वैतागतं, खेळकरपणे करतं, की दुसऱ्याकडे पाहून करतं, हे क्षमतेइतकंच उपयोगी असतं.

आमचा कामचलाऊ नियम असा: किमान तीन नोंदी, त्या दोन वेगळ्या प्रसंगांतल्या, आणि त्यांतली एक तरी मुलाने आपणहून केलेल्या कृतीची. त्याशिवाय कोणत्याही क्षमतेला 'ठळक' म्हणू नये.

तयार प्रश्नावल्या मिळतात. मुलांनी खुणा केल्या की बेरीज. ते सोपं नाही का?

सोपं आहे, पण 'मला गाणी आवडतात' यापुढे खूण केल्याने मुलाचं स्वतःबद्दलचं मत कळतं, क्षमता कळत नाही. पहिली-दुसरीतली मुलं सगळ्यांनाच 'हो' म्हणतात. सहावी-सातवीत मित्राच्या कागदाकडे पाहून खुणा होतात. आणि ज्या मुलीला घरी 'तुला नाही जमायचं' असं ऐकायची सवय आहे, ती 'मला यंत्रं दुरुस्त करायला आवडतात' यापुढे खूण करायला बिचकते. प्रश्नावली घ्यायचीच असेल तर गप्पा सुरू करण्यासाठी घ्या आणि बेरीज करू नका.

मुलांची घरची भाषा वेगळी असेल तर?

मग आधी तेच सांभाळा. नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत लांबलचक सूचना दिल्या, तर प्रत्येक कृती ही मराठीचीच परीक्षा होऊन बसते. पानांच्या खेळात मूल गप्प राहतं आणि नोंद पडते 'निरीक्षण कमी', जेव्हा कदाचित वर्गात सगळ्यांत जास्त झाडं त्यालाच ओळखता येतात. सूचना करून दाखवा, बोलून नव्हे. उत्तर घरच्या भाषेत चालेल हे मोठ्याने सांगा आणि ती भाषा येणाऱ्या मोठ्या मुलाला किंवा अंगणवाडी ताईंना मदतीला बसवा. झाडाचं नाव मुलाच्या भाषेतच वहीत उतरवा.

घरी सराव असलेली मुलं पुढे दिसतात. मग ही क्षमता की संधी?

पहिल्या दिवशी बहुधा संधीच दिसते. ज्याच्या घरी पेटी आहे त्याला सूर सापडणारच. म्हणून सगळ्यांनाच नवं असेल असं काही निवडा आणि तीन वेळा द्या. लेझीमचा न पाहिलेला हात, नवा खेळ, नवी घडी. पहिल्या वेळी कोण कुठे होतं यापेक्षा पहिल्या ते तिसऱ्या वेळेत कोण किती सरकलं हे लिहा.

प्रत्येक धडा आठ प्रकारे शिकवायचा का?

नको. गार्डनर यांनी स्वतःच याला विरोध केला आहे. पाढे चालीवर म्हणणं ही पाठांतराची सोय आहे, त्याने सांगीतिक क्षमता वाढत नाही. एका संकल्पनेला दोन-तीन दारं पुरतात, पण ती संकल्पनेला शोभणारी हवीत. अपूर्णांकांसाठी कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या चपखल बसतात, तालाच्या मात्राही बसतात: एका मात्रेत दोन टाळ्या, चार टाळ्या. अपूर्णांकांवर नाटुकलं बसवण्यात मात्र तास जातो आणि गणित मागे राहतं.

'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' म्हणजे हेच का?

नाही. ती 'शिकण्याची शैली' ही वेगळी कल्पना आहे आणि तिला पुरावा फारच कमकुवत आहे. मुलाच्या पसंतीच्या शैलीत शिकवल्याने ते जास्त शिकतं असं संशोधनात दिसलेलं नाही. गार्डनर यांनीही ही सरमिसळ करू नका असं स्पष्ट म्हटलं आहे.

मुलाला किंवा पालकांना काय सांगायचं?

लेबल सांगू नका, प्रसंग सांगा. 'तुमची मुलगी शारीरिक बुद्धिमत्तेची आहे' हे ऐकून घरी अर्थ निघतो, 'म्हणजे अभ्यासात नाही.' त्याऐवजी म्हणा, 'ताई, परवा बस मोजताना तिने चिंचोक्यांनी स्वतःची पद्धत बसवली. घरी दुकानाचा हिशेब तिला करू द्या.' मुलाला सांगतानाही तसंच. 'तू कलाकार आहेस' म्हटलं की गणित सोडायला कारण मिळतं.

पालकांना घरी काही करायचं असेल तर नवा क्लास लावण्याआधी महिनाभर फक्त पाहायला सांगा. कोणी न सांगता मूल कशाकडे वळतं आणि अडलं तरी कशाला चिकटून राहतं, याच्या आठवड्याला दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. मोबाइलवरचा वेळ यात धरू नका. तिथे चिकटून ठेवण्याची व्यवस्था अ‍ॅपमध्येच केलेली असते.

मुलाचं वाचन खूप मागे आहे. 'त्याची बुद्धिमत्ता वेगळी' असं समजून थांबू का?

थांबू नका. या कल्पनेचा सर्वांत मोठा गैरवापर इथेच होतो. तिसरी-चौथीत मूल जोडाक्षरं सतत गाळतं, ओळ सुटते, तोंडी उत्तर छान देतं पण लिहिताना अडतं, अशी तफावत दिसली तर अध्ययन अक्षमतेची तपासणी हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत सवलती मिळतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मुख्याध्यापक आणि समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांमार्फत शासकीय रुग्णालयाकडे पाठवा. तुमच्या नोंदवहीची पानं सोबत द्या. तपासणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो.

दोन फेऱ्या झाल्या, तरी एका मुलाबद्दल काहीच ठळक दिसत नाही.

आधी वहीत पाहा की त्या मुलाला कोणत्या कृती मिळाल्या. बहुतेक वेळा जोडीदार तोच तो वरचढ असतो किंवा नेमक्या त्या शनिवारी मूल गैरहजर असतं. जोडी बदला, एकट्याला काम द्या, शाळेबाहेर काय करतं ते विचारा: शेळ्या राखणारं, भाजीच्या गाडीवर बसणारं, धाकट्या भावंडाला सांभाळणारं मूल रोज कितीतरी गोष्टी करतं ज्या वर्गात दिसायला जागाच नसते. तिथली एक कृती तिसऱ्या फेरीत वर्गात आणा, उदाहरणार्थ भाजीचा बाजार मांडा आणि सुट्टे पैसे खरे ठेवा. तरीही काही दिसलं नाही तर रकाना कोरा ठेवून वही पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांकडे द्या.